हाताची वीण आणि कानाची साक्ष

संगीत ऐकण्याच्या साधनांमध्ये हेडफोनची वायर हा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो, आणि तरीही सामान्य माणसाच्या हाताला वाव उरलेला बहुधा तोच एक भाग आहे. कानाजवळ थरथरून हवा हलवणारा पातळ पडदा कारखान्यातच घडू शकतो. अंकरूपात साठवलेल्या संगीताचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणाऱ्या चिपचे अंतरंग तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. या दोहोंना जोडणारी मीटर-सव्वा मीटर लांबीची वायर मात्र कात्री, सोल्डरिंग आयर्न, थोडे कथील आणि पुरेसा धीर एवढ्या भांडवलावर घरच्या टेबलावर तयार होते. जगभरातल्या हौशी श्रोत्यांनी हा उद्योग आपलासा केला असून, चार किंवा आठ बारीक तारा वेणीसारख्या गुंफून केलेली वायर ही त्यांच्या छंदाची ओळख बनली आहे. अशा वायरीने आवाज सुधारतो, असे त्यांच्यापैकी पुष्कळजण सांगतात. हा दावा बहुतेक वेळा टिकत नाही. पण तो टिकला नाही म्हणून कामाचे मोल कमी होते असेही नाही, आणि ही दोन विधाने एकमेकांत मिसळू न देणे हेच या छंदातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

हेडफोनचे घरगुती हस्तकामाशी असलेले नाते आरंभापासूनचे आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या यूटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि अमेरिकी नौदलाने ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी विकत घेतले. त्या काळात हेडफोनच्या आणि टेलिफोनच्या वायरीवर सुती धाग्याची यंत्रावर विणलेली खोळ असे. पुढे रबर आणि प्लास्टिकच्या आवरणांनी तिची जागा घेतली. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला, १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी घरी बसून स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठीचा हेडफोन बाजारात आणला आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर, बसमध्ये आणि लोकलमध्ये नेला. वॉकमनबरोबर वायर बारीक, हलकी आणि स्वस्त झाली. पिन व वायर यांचा जोड प्लास्टिकमध्ये कायमचा ओतून बंद केला जाऊ लागला, आणि त्या जोडाशी तार तुटली की सगळा हेडफोनच टाकून देण्याची रीत पडली. याउलट काही उत्पादकांनी वायर सुटी होण्याची सोय राखली. सेनहायझरचा १९९७ मध्ये आलेला एचडी ६०० हा त्याचा प्रसिद्ध नमुना असून, त्याच्या दोन्ही कर्णकवचांत वायर दोन लहान पिनांनी बसते आणि ओढताच निघते. कानात घालायच्या मॉनिटर-इअरफोनमध्येही पुढे अशीच सुटी वायर रूढ झाली. हौशी कारागिराला जी फट हवी होती ती या सोयीने मिळाली.

‘विणलेली वायर’ या शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या गोष्टी मोडतात. पहिलीत वीण केवळ बाहेरच्या खोळीची असते: आतल्या तारा सरळ धावतात आणि त्यांच्यावर नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळीदार नळी चढवलेली असते. दुसरीत खुद्द वाहक तारांचीच वेणी घातलेली असते. जुन्या टेलिफोनची वायर पहिल्या प्रकारात बसते आणि हौशी कारागिरांची बहुतेक कामे दुसऱ्या प्रकारात. काहीजण आतला गाभा काढून टाकलेली पॅराशूटची दोरी प्रत्येक तारेवर चढवून मग वेणी घालतात, तेव्हा दोन्ही प्रकार एकत्र येतात.

तारेच्या अंतरंगातही एक जुनी कारागिरी दडलेली आहे. तांबे वारंवार वाकवले की वाकण्याच्या जागी कडक होत जाते आणि शेवटी तुटते, म्हणून सतत हलणाऱ्या वायरीत एकच जाड तार चालत नाही. टेलिफोनच्या वायरीसाठी यावर जो उपाय योजला गेला तो पैठणीच्या पदराशी नाते सांगणारा आहे. पारंपरिक जर तयार करताना चांदीची तार ओढून बारीक करतात, चेपून चपटी करतात आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात; वायरीतही तांब्याची चपटी, कागदासारखी पातळ पट्टी सुताच्या धाग्यावर गुंडाळली जाते. ताण धागा सोसतो, वीज धातू वाहतो आणि पट्टी पातळ असल्यामुळे वाकताना तिच्यावर फारसा ताण येत नाही. जर ओढणाऱ्या कारागिराच्या हाती आणि टेलिफोनच्या कारखान्यात एकाच अडचणीतून, म्हणजे धातूला कापडासारखे लवचीक कसे करावे या प्रश्नातून, एकच उत्तर निघाले. आजच्या पुष्कळ स्वस्त इअरफोनमध्ये केसाहून बारीक, रंगीत लाखेचा पातळ लेप दिलेल्या तांब्याच्या तारा कृत्रिम धाग्याच्या सोबतीने वळलेल्या असतात, तोही याच वंशातला प्रकार होय.

लेप दिलेल्या अनेक बारीक तारांच्या अशा जुडग्याला लिट्झ वायर म्हणतात. तिचे खरे घर रेडिओत आहे. उच्च वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा, विद्युत्प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहू लागतो. याला त्वचा-परिणाम म्हणतात. तारेचा गाभा त्यामुळे वाया जातो, म्हणून एका जाड तारेऐवजी एकमेकींपासून विलग अशा अनेक बारीक तारा वापरतात. मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरमधील काळ्या फेराइट कांडीवरचे वेटोळे पुष्कळदा अशाच तारेचे असे. श्राव्य ध्वनीच्या बाबतीत मात्र ही अडचण उद्भवतच नाही: सेकंदाला २०,००० कंपने या माणसाच्या श्रवणाच्या वरच्या सीमेवरही तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलवर पसरतो, आणि हेडफोनसाठी घेतलेल्या तारेची त्रिज्या त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. लिट्झचा लेप येथे उपयोगी पडतो तो निराळ्या कारणाने. पारदर्शक आवरणातील उघडे तांबे हवा, घाम आणि कातडीचे तेल यांच्या संगतीने काही महिन्यांत हिरवट पडू लागते, ते लेपामुळे टळते.

चार तारा घेण्यामागे साधा हिशेब आहे. प्रत्येक कानाला दोन तारा लागतात, एक संकेत नेणारी आणि दुसरी तो परत आणून मंडल पूर्ण करणारी. स्वस्त वायरीत दोन्ही कानांसाठी परतीची तार एकच ठेवून काटकसर केली जाते. या सामाईक तारेला थोडा का होईना रोध असतो, म्हणून डाव्या कानाच्या संकेताचा अंश उजव्या कानात पाझरतो. परतीच्या सामाईक तारेचा रोध ०.१६ ओहम आणि हेडफोनचा ३२ ओहम धरला तर हा पाझर मूळ संकेताच्या दोनशेव्या भागाइतका, सुमारे ४६ डेसिबलने खाली असतो. चारही तारा पिनेपर्यंत वेगळ्या नेल्या की तो वायरीपुरता नाहीसा होतो. नेहमीच्या ३.५ मिलिमीटर पिनेचे तीन भाग असतात: टोकाकडून डावा कान, मधल्या कड्याकडून उजवा, आणि मागच्या नळीकडून दोघांची परती, त्यामुळे दोन्ही परतीच्या तारा अखेर एकाच ठिकाणी जोडाव्या लागतात. ४.४ मिलिमीटरच्या पाच भागांच्या पिनेत त्या शेवटपर्यंत वेगळ्या राहू शकतात. या पिनांचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सापडतो. तेथील ऑपरेटर ज्या पिना फळीवरच्या भोकांत खोचून दोन घरे जोडून देत, त्यांचाच ६.३५ मिलिमीटरचा वारस आजही इलेक्ट्रिक गिटारच्या वायरीला असतो.

चौपेडी गोल वेणीची रीत अगदी थोड्या शब्दांत मावते. चारही पेड टोकाशी घट्ट बांधून दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे धरायचे. उजवीकडचा सर्वांत बाहेरचा पेड शेजारच्या दोन पेडांच्या मागून नेऊन डावीकडच्या दोहोंमधून पुढे काढायचा आणि एका पेडावरून परत आपल्या बाजूला आणायचा. मग तेच डाव्या बाजूने करायचे. एवढीच क्रिया वायरभर चालू राहते आणि तिच्यातून गोल, चारही बाजूंनी सारखी दिसणारी वीण उतरते. कस लागतो तो ताणाचा. हात मध्येच थांबला, तारा खाली गुंतल्या किंवा एका बाजूने जास्त ओढ बसली की वेणीची घरे लहानमोठी पडतात, आणि ती चूक पुढे कितीही चांगले काम झाले तरी नजरेतून सुटत नाही. वेणी लांबी खाते, म्हणून तयार वायर सव्वा मीटरची हवी असेल तर तारा सुमारे दीड मीटरच्या कापाव्या लागतात. छातीच्या उंचीवर वेणी थांबते आणि तारा दोन-दोन अशा फुटून दोन कानांकडे जातात. या वरच्या भागात दोन तारांना नुसता एकत्र पीळ दिला तर तो उलगडत राहतो. प्रत्येक तारेला आधी एका दिशेने पीळ देऊन मग दोन्ही तारा विरुद्ध दिशेने एकमेकींवर वळल्या की दोन्ही पीळ परस्परांना अडवून धरतात. दोर वळणाऱ्या हातांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

वेणीचा उपयोग काय, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. यांत्रिक उपयोग खरा आहे. वायर वाकते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाची तार ताणली जाते आणि आतल्या अंगाची दाबली जाते. वेणीत प्रत्येक पेड थोड्याथोड्या अंतराने आत-बाहेर जात असल्याने कोणतीही एक तार सतत ताण सोसत नाही, आणि वायर मऊ पडते. विद्युत् उपयोगाची कथा मात्र अधिक प्रतिष्ठित असूनही येथे कमी लागू पडते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट घेतले. दोन तारा एकमेकींभोवती वळल्या की बाहेरून येणारा उपद्रव लगतच्या पिळांत उलटसुलट शिरतो आणि बराचसा आपोआप रद्द होतो. मैलोन्‌मैल धावणाऱ्या टेलिफोनच्या जोडतारांमध्ये या युक्तीने क्रांती केली. पण हेडफोनची वायर मीटर-सव्वा मीटरच लांब, तिच्यातला संकेत तुलनेने बलवान आणि टोकाचा रोध थोडा. मुळात नसलेल्या रोगावर वेणीचे औषध चालले असे म्हणण्यात अर्थ नाही.

सर्वांत नाजूक टप्पा सोल्डरिंगचा, म्हणजे डाखकामाचा. येथे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू पसंत केला जातो, कारण तो १८३ अंश सेल्सिअसला घनाचा थेट द्रव होतो आणि गोठतानाही मधल्या लापशीसारख्या अवस्थेत रेंगाळत नाही. शिसे टाळायचे असेल तर कथील, चांदी व तांबे यांचा मिश्रधातू वापरतात, तो सुमारे २१७ अंशांवर वितळू लागतो. लिट्झ तारेवर प्रथम डाख धरतच नाही. तो लेपावरून पाऱ्यासारखा घरंगळतो. आयर्नच्या टोकावर कथलाचा टपोरा थेंब घेऊन त्यात तारेचे टोक बुडवून ठेवले की क्षणभर काही होत नाही, मग लेप जळून धुराची बारीक रेघ निघते, आणि तांबूस टोक एका हिसक्यात रुपेरी होते. पिनेच्या आतल्या जोडाच्या जागा तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. तेथे उष्णता कमी पडली तर डाख वर नुसता बसतो, धातूशी एकजीव होत नाही. जास्त झाली तर जवळचे प्लास्टिक वितळून पिनेचे भागच सरकतात. पिनेचे टोपण आणि उष्णतेने आकसणारी नळी तारेवर आधी ओवून ठेवायची असते, कारण जोड झाल्यावर ती वरून चढत नाही. सरावलेल्या हातांकडूनही हे राहून जाते आणि झालेला जोड पुन्हा उकलावा लागतो. शेवटी मल्टिमीटर लावून प्रत्येक तार जिथे जायला हवी तिथेच गेली आहे ना, हे पाहतात.

इतके झाल्यावर आवाजाचा प्रश्न उरतो. मोजून पाहू गेले तर उत्तर कोरडे आहे. अशा वायरीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या २६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.१३ ओहम असतो, जाऊन-येऊन २.४ मीटर धरले तर ०.३२ ओहम. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर या वायरीमुळे आवाज ०.०९ डेसिबलने कमी होतो, आणि ३०० ओहमच्या एचडी ६०० च्या बाबतीत तर ही घट त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतकी उरते. दोन आवाजांतला लहानमोठेपणा कळायला सर्वसाधारण श्रोत्याला एक डेसिबलच्या आसपास फरक लागतो. अनुकूल परिस्थितीत सरावलेला कान त्याहून कमी ओळखतो, पण इतके कमी नव्हे. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच अधिक सुवाहक असल्याने तांब्याच्या जागी तेवढ्याच जाडीची चांदीची तार घेतली तर डेसिबलच्या हजाराव्या भागांत मोजावा लागेल इतका फरक पडतो, आणि तांब्याची किंचित जाड तार तोच फरक फार थोड्या पैशांत देते. प्राणवायूविरहित तांबे नेहमीच्या विद्युत्-तांब्याहून सुमारे एका टक्क्यानेच सरस असते.

या नियमाला अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. कानात घालायच्या काही इअरफोनमध्ये अनेक सूक्ष्म ध्वनिनिर्माते एकत्र बसवलेले असतात आणि त्यांचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, वारंवारतेनुसार खालीवर होत एखाद्या ठिकाणी पाच ओहमपर्यंत उतरतो. तेथे ०.३२ ओहमच्या वायरीने अर्ध्या डेसिबलचा फरक पडतो, आणि तो सर्वत्र सारखा नसल्याने आवाजाचा तोल किंचित हलतो. यात गूढ काही नाही. कोणत्याही धातूची पुरेशी जाड तार घेतली की तो फरक मिटतो.

कानाला खरोखर ऐकू येणाऱ्या वायरीच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. कडक आवरणाची वायर शर्टाच्या गुंड्यांवर घासली की तो खरखराट वायरीतून थेट कानात चढतो. टेफ्लॉनसारखे ताठ आवरण किंवा खरबरीत खोळ असेल तर तो वाढतो, मऊ आवरण आणि सैल वेणी असेल तर कमी होतो. एका कानाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही पडदे विरुद्ध दिशांना हलतात, आणि डोक्याच्या मधोमध ऐकू येणारा गायकाचा आवाज विरघळून दोन्हीकडे पसरतो. कच्चा डाख असेल तर वायर हलताच एक कान बंद पडतो. म्हणजे वायर उत्तम असल्याचे कानाला कळत नाही, सदोष असल्याचे मात्र तत्काळ कळते. चांगल्या कामाची पावती कानाकडून मिळते ती तक्रारीच्या अभावातून.

मग इतक्या श्रोत्यांना फरक जाणवतो तो कसा? ते खोटे बोलत नाहीत. वायर बदलायला अर्धे-एक मिनिट जाते आणि ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती तेवढा वेळ टिकत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष वेगळ्या वाद्याकडे जाते, आणि पूर्वी न ऐकलेला तानपुरा नव्या वायरीने दाखवला असे वाटते. त्यात वायर स्वतःच्या हातची असेल तर मूल्यमापन आणखीच झुकते. आपला तो बाब्या, हे मराठी म्हणीने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. २०१२ मध्ये नॉर्टन, मोचॉन आणि एरियली या अमेरिकी संशोधकांनी ते प्रयोगाने दाखवले. त्यांच्या प्रयोगात लोकांनी स्वतः घातलेल्या कागदाच्या ओबडधोबड घड्यांना तज्ज्ञांच्या घड्यांच्या जवळपास किंमत लावली. कोणती वायर लावली आहे हे श्रोत्याला कळू न देता, दोन्हींचा आवाज मोजून सारखा करून घेतलेली चाचणी हाच यावरचा उपाय. आणि ती चाचणी घरी करायला दुसरे माणूस तेवढे लागते.

वायर विणणाऱ्याची अडचण अशी की हाताला मिळालेले समाधान खरे असते, पण त्याला आधुनिक बाजारात नाव नाही, म्हणून ते कानाच्या नावावर जमा केले जाते. चार संध्याकाळी खपून केलेली गोष्ट आवडते, एवढे म्हणणे अपुरे वाटते. तिने आवाज ‘खुलतो’ असे म्हटले की छंदाला उपयुक्ततेचा परवाना मिळतो. हीच पळवाट हजारो रुपयांच्या वायरी विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडते, कारण कानाची उसनी साक्ष एकदा ग्राह्य धरली की तिला किमतीची वरची मर्यादा राहत नाही. लुगड्याची वीण पाहून खूश होणाऱ्याने त्या लुगड्याने ऊबही जास्त मिळते असे सिद्ध करण्याची गरज नसते. वायरीच्या बाबतीतच तेवढी ती का भासावी?

हाताचे श्रेय हाताला दिले तर जमेला बरेच काही उरते. वायर हवी तितकीच लांब होते, हव्या त्या पिनेची होते, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा हेडफोन केवळ वायर गेली म्हणून अडगळीत पडत नाही. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढून टाकल्यानंतर बिनतारी इअरफोनचा सुकाळ झाला; त्यांची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि बहुतेकांत ती बदलण्याची सोय नसते. अशा काळात पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिन, तार आणि नळी आणून वस्तूचे आयुष्य वाढवणे ही निव्वळ हौस राहत नाही. शिवाय एकदा वायर बांधलेला माणूस जाहिरात निराळ्या डोळ्यांनी वाचतो: धातूच्या शुद्धतेच्या टक्केवारीतले नऊचे आकडे मोजण्याऐवजी तो तारेची जाडी विचारतो, मीटरमागचा रोध विचारतो, आणि पिनेशी वायरीला आधार कसा दिला आहे ते उलटून पाहतो. हे शहाणपण त्याला कोणत्याही पुस्तकाहून लवकर आले, कारण तार कुठे तुटते हे त्याने ती उघडून पाहिले आहे. त्याची वायर विकतच्या वायरीइतकीच वाजते, आणि ती का तितकीच वाजते हे त्याला नेमके सांगता येते. हाताने बनवण्यातून मिळू शकणारे ज्ञान ते हेच, आणि ते मान्य करूनही जो पुढच्या वायरीसाठी चार तारा कापायला घेतो, त्याला आवाजाच्या सबबीची गरज उरलेली नसते.